मावशी म्हणतो, पण भाडं पंचवीस तारखेला देतो

नेरूळहून आलेलं पत्र, थोडं आखडून:

"माझं वय ६४. मिस्टरांनी २००९ मध्ये घणसोलीला घेतलेला वन बीएचके आहे. चार वर्षांपासून तिथे एकच भाडेकरू, साताऱ्याकडचं कुटुंब. नवरा, बायको आणि पहिलीतली मुलगी. तो महापेला नोकरीला आहे. भाडं १९ हजार, डिपॉझिट ६० हजार. मिस्टर दोन वर्षांपूर्वी गेले. एजंट, करार, पोलीस सगळं तेच बघायचे. ते गेल्यावर करार संपला, तो मी परत केला नाही. माणसं ओळखीची झाली होती, दर वेळी एजंटचे पैसे कशाला, असं वाटलं. आता भाडं कधी १० ला येतं, कधी २५ ला. बाथरूमचं छत गळतं, भर मे महिन्यातही गळत होतं, तिथला दिवा दोनदा गेला. त्यानं मला तीनदा सांगितलं होतं, मी बघते म्हटलं. गेल्या महिन्यात त्यानं प्लंबर बोलावला आणि मला न विचारता भाड्यातून ४,२०० कापले. सोसायटी ३,४०० मेंटेनन्सवर 'भाडेकरू आहे' म्हणून १,५०० जादा घेते. बिल अजून मिस्टरांच्याच नावाने येतं. मुलगा पुण्याहून म्हणतो, त्याला काढ आणि विकून टाक, ६५ लाख येतील. मुलगी नाशिकला, ती म्हणते बाबांची आठवण आहे, ठेव. भाडेकरू मला मावशी म्हणतो, त्याची बायको संक्रांतीला घरी येऊन तिळगूळ देऊन गेली. अशा माणसांशी कडक कसं वागायचं?
— एक मालकीण"

ताई,

तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहून गेलात. छत गळतं आणि तिथला दिवा दोनदा गेला. भाडं, करार, सोसायटी पुढच्या आठवड्यात बघू. आज इलेक्ट्रिशियनला फोन करा. छतातून झिरपणारं पाणी वायरच्या पाइपात शिरलं की होल्डरपर्यंत येतं, आणि मग ओल्या भिंतीत, नळात कुठेही करंट उतरू शकतो. त्या बाथरूममध्ये पहिलीतली मुलगी ओल्या पायांनी उभी राहते. त्या पॉइंटची लाइन बंद करायला सांगा, तोवर बाहेरच्या भिंतीवर दिवा लावून काम भागेल. आलाच आहे तर मेन बोर्डात आरसीसीबी आहे का तेही त्याला बघायला लावा. बऱ्याच जुन्या फ्लॅटांत फक्त एमसीबी असतात. ते लोड जास्त झाला किंवा शॉर्टसर्किट झालं तर पडतात. माणसाला शॉक बसतो तेव्हा गळणारा करंट फार थोडा असतो, तो ओळखून लाइन तोडायला आरसीसीबी लागतो, घरासाठी ३० मिलिअँपिअरचा. हा खर्च तुमचा, यावर वाद नको.

आता तुमचा प्रश्न. कडक कसं वागायचं, असं तुम्ही विचारता. मला तर या गोष्टीत त्या भाडेकरूची चूक शोधावी लागली. तीनदा सांगितलं, तीनदा तुम्ही 'बघते' म्हणालात, चौथ्यांदा त्यानं प्लंबर आणला. तुम्ही याला माया समजताय. ही भीड आहे, ताई, आणि भीड भिकेची बहीण हे आपल्या आज्या उगाच म्हणत नव्हत्या. भीडेपोटी तुम्ही भाडं वेळेवर मागितलं नाही, आणि त्याच भीडेपोटी 'मला प्लंबरचं काही कळत नाही रे' हेही सांगितलं नाहीत. मिस्टर गेल्यावर एक बिनपगारी नोकरी तुमच्या अंगावर आली. ती आहे हेच तुम्हाला कुणी सांगितलं नाही.

तेव्हा ४,२०० मान्य करून टाका. बिलाचा फोटो असेल तर तो जपून ठेवा. पण पुढचा नियम आत्ताच ठरवा. नळाचा वॉशर, ट्यूब, केसांनी तुंबलेली जाळी हे त्याचं. भिंतीतला पाइप, वायरिंग, गीझरची कॉइल, वॉटरप्रूफिंग हे तुमचं. दीड हजारापर्यंतचं काम त्यानं करून बिल पाठवायचं, त्यावर असेल तर आधी फोन. पाणी धो धो वाहत असेल तर फोनचीही वाट बघायची नाही. हे सगळं करारात चार ओळींत बसतं. माझ्या ओळखीत भाडेकरू-मालकांची जितकी भांडणं झाली, त्यातली निम्मी गीझरवरून झाली असतील. गीझर कुणाचा हे कुणीच लिहून ठेवत नाही.

गळतीकडे वळू, कारण ४,२०० घालवूनही ती थांबली असेल असं मला वाटत नाही. तुमच्या बाथरूममध्ये काम करून वरून येणारं पाणी कसं थांबणार? रविवारी तुम्ही स्वतः जा आणि मान वर करून बघा. तपकिरी कडांचं वर्तुळ असेल, मधे पोपडे निघालेले असतील, कदाचित मिठासारखी पांढरी पूड दिसेल, तो लोणा. डाग फक्त जुलै-ऑगस्टमध्ये वाढत असेल तर संशय बाहेरच्या भिंतीवर. तुमच्याकडे तर मे महिन्यातही टपकतं, म्हणजे पावसाचा संबंध नाही, वरच्यांच्या आंघोळीचा आहे. बहुतेक वेळा वरच्या बाथरूमच्या नहाणी ट्रॅपचा, म्हणजे जाळीखालच्या वाटीचा, सांधा गेलेला असतो, नाहीतर लादीखालचं वॉटरप्रूफिंग. खात्री करायची जुनी युक्ती आहे. वरच्या बाथरूमची जाळी बोळा घालून बंद करायची, रंग मिसळलेलं पाणी चार बोटं भरून ठेवायचं आणि खाली वाट बघायची. जाळी बंद असताना रंग उतरला तर लादी आणि कोबा, म्हणजे लादीखालचा थर, गेला. बोळा काढून पाणी सोडल्यावर उतरला तर ट्रॅप किंवा खालचा पाइप. प्लंबर हे करायचा कंटाळा करतात, कारण यात वेळ जातो आणि विकायला काही नसतं. तुम्ही आग्रह धरा.

खर्च कुणाचा, तर वरच्या फ्लॅटमधल्या गळतीचा वरच्या मालकाचा. गच्ची, बाहेरची भिंत आणि सामाईक पाइप यांची गळती काढणं हे आदर्श उपविधींप्रमाणे सोसायटीचं काम. वरच्यांकडे आधी साध्या शब्दांत जा, शक्य तर त्यांना खाली आणून छत दाखवा. वर चालणाऱ्या माणसाला खालचं छत कधी दिसलेलंच नसतं. ऐकलं नाही तर सेक्रेटरींना लेखी पत्र द्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह सही-शिक्का घ्या. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलेली तक्रार 'शुभ सकाळ'च्या फुलांखाली गाडली जाते, तिच्यावर विसंबू नका.

आता करार, म्हणजे पैसे वाचवायला तुम्ही जो सोडून दिलात तो. किती वाचले ते बघू. अकरा महिन्यांचं भाडं २,०९,०००. डिपॉझिटच्या ६० हजारांवर वर्षाला दहा टक्के मानीव व्याज धरतात, अकरा महिन्यांचं ५,५००. दोन्ही मिळून २,१४,५००, त्यावर पाव टक्का मुद्रांक शुल्क म्हणजे साडेपाचशेच्या आत. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. वर एजंटची मजुरी. तीही बरेच लोक भाडेकरूबरोबर अर्धी अर्धी वाटून घेतात.

आणि त्यासाठी काय डावावर लावलंत? महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा आहे, ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असायलाच हवा, आणि तो नोंदवण्याची जबाबदारी मालकाची, भाडेकरूची नाही. नोंदवला नसेल तर कोणत्या अटींवर जागा दिली यात भाडेकरू जे सांगेल ते धरून चालतात, उलट सिद्ध करणं तुमच्या डोक्यावर. वर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तुमचा भाडेकरू असलं काही करणार नाही, हे मलाही पटतं. पण उद्या त्याची बदली झाली, त्यानं जागा चुलत भावाला देऊन टाकली, तर तुम्ही कोणता कागद दाखवणार?

उलट, नोंदवलेला लीव्ह अँड लायसन्स, म्हणजे ठरावीक मुदतीपुरती जागा वापरू देण्याचा करार, असेल तर मुदत संपल्यावर जागा सोडावीच लागते. नाही सोडली तर कलम २४ खाली थेट सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. ठाणे, नवी मुंबई कोकण विभागात येतात. तिथे समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत भाडेकरूला बाजू मांडायची परवानगी मागावी लागते, आणि मुदतीनंतर राहिला त्या काळासाठी दुप्पट दराने भरपाई लागते. दिवाणी दाव्यापुढे हा रस्ता फारच जवळचा, आणि तो फक्त कागदवाल्यांसाठी उघडा असतो.

मुलगा फोनवर सांगेल, 'लाइट-पाणी तोड, आपोआप जाईल.' तसलं काही करू नका. अत्यावश्यक सेवा तोडणं याच कायद्यात गुन्हा आहे, आणि कुलूप बदलण्याची मर्दुमकी केलीत तर पोलीस ठाण्यात बसण्याची पाळी तुमच्यावर येईल.

अकरा महिन्यांचं एक कोडंही सांगून टाकते. १९०८ च्या नोंदणी कायद्यात एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो, म्हणून देशभर लोकांना अकराची सवय लागली. आपल्या राज्यात अकराचा असो की तेहतीसचा, नोंदवायचाच आहे. म्हणजे अकराच्या आकड्याला इथे तसा काही अर्थ उरत नाही. ६० महिन्यांपर्यंतचा लीव्ह अँड लायसन्स चालतो आणि नोंदणी फी एकदाच पडते. मुलगी पहिलीत आहे, त्यांनाही सारखी शाळा बदलायची नसणार. एरवी मी तुम्हाला तेहतीस महिने, दर वर्षी पाच टक्के वाढ, दोन्हीकडून एक महिन्याची नोटीस असं करायला सांगितलं असतं.

पण यंदा अकराच करा. कारण तुम्ही न विचारलेला प्रश्न: तो फ्लॅट आहे कुणाचा?

बिल मिस्टरांच्या नावाने येतं, म्हणजे शेअर सर्टिफिकेटही त्यांच्याच नावावर असणार. नॉमिनी तुम्ही असाल, पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सहकार कायद्यात नॉमिनीला तात्पुरता सभासद करतात, वारसाचा निकाल लागेपर्यंत. मृत्युपत्र नसेल आणि सासूबाई हयात नसतील, तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे तुम्ही आणि दोन्ही मुलं असे तिघं समान वाटेकरी. म्हणजे 'विकून टाक' म्हणणारे चिरंजीव एक तृतीयांश मालक आहेत. त्यांना तसं कळवा आणि म्हणा, ये रविवारी घणसोलीला, वरच्यांशी तू बोल. बाबांची आठवण सांभाळणाऱ्या कन्येलाही तेच. आठवण ठेवायची तर मालमत्ता कराची पावतीही ठेवावी लागते.

मुलांची तयारी असेल तर हक्कसोडपत्र करून फ्लॅट तुमच्या एकटीच्या नावावर घ्या, नाहीतर तिघांच्या नावाने ठेवा, पण एका वकिलाकडे बसून हे संपवा. ते होईपर्यंतच्या करारात तिघंही मालक म्हणून या. त्यासाठी कुणाला रजा काढून यायला नको. ऑनलाइन नोंदणीत आधारवर अंगठा द्यायचा असतो, एजंटचा माणूस यंत्र घेऊन पुण्यात, नाशिकलाही जातो. एक गोष्ट एजंट विसरतो, तुम्ही विसरू नका. जुनं ६० हजारांचं डिपॉझिट मिस्टरांकडे जमा होतं. ते कधी, कोणत्या चेकने आलं आणि तेच या करारात पुढे धरलंय, हे वाक्य लिहून घ्या. नाहीतर दोन वर्षांनी भाडेकरू म्हणेल साठ, मुलगा म्हणेल बाबांनी तर चाळीस सांगितले होते, आणि मधे तुम्ही.

करार नोंदला की पोलिसांना भाडेकरूची माहिती द्यायची, ती आता ऑनलाइन जाते, आणि सोसायटीला कराराची प्रत द्यायची. पोच दोन्हीकडची ठेवा.

सोसायटीचे १,५०० वाचून मात्र मी खुर्चीत सरसावून बसले. मी ठाण्यात सहा वर्षं सेक्रेटरीपद भोगलंय, 'भाडेकरू चार्ज' हा शब्द कुठे जन्मतो ते मला ठाऊक आहे: वार्षिक सभेत, चहा यायच्या आधी, कुणीतरी 'ते तर भाडं कमावतात' म्हणतं तेव्हा. शासनाचा १ ऑगस्ट २००१ चा आदेश आहे. भोगवटेतर शुल्क, म्हणजे नॉन-ऑक्युपन्सी चार्ज, सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. पूर्ण मेंटेनन्सच्या नव्हे, सेवा शुल्काच्या. बिल उलगडून बघा. मालमत्ता कर, पाणी, सिंकिंग फंड, दुरुस्ती निधी हे त्यात धरायचं नाही. वॉचमन, झाडूवाले, जिन्यातले दिवे, ऑफिसखर्च हे सेवा शुल्क. समजा ३,४०० मधलं ते १,६०० निघालं, तर तुम्ही द्यायचे महिन्याला १६०. तुम्ही देताय १,५००. वर्षाचा फरक सोळा हजारांवर जातो, म्हणजे जवळजवळ एका महिन्याचं भाडं. भाडेकरूचे ४,२०० तुम्हाला खुपले आणि हे खुपले नाहीत, कारण छापील बिलावर आले.

पत्र द्या, जादा घेतलेले पुढच्या बिलांत वळते करायला सांगा. नाही ऐकलं तर सहकार खात्याच्या निबंधकांकडे जा, सिडको क्षेत्रासाठी त्यांचं वेगळं कार्यालय आहे. फक्त आधी एक तपासा. तुमची ती खरोखर सहकारी सोसायटी आहे की १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखालचं ओनर्स असोसिएशन? नवी मुंबईत सिडकोने बांधलेल्या कितीतरी वसाहती असोसिएशन आहेत, बोलताना सगळे सोसायटीच म्हणतात, आणि तिथे हा आदेश असा सरळ लावता येत नाही.

राहिलं भाडं उशिरा येण्याचं. तुम्ही त्याला तारीख सांगितलीय का? पत्रात मला कुठे दिसली नाही. जुन्या करारात ५ तारीख असेलही, पण तो करार आता नाही. पगार १ ला होतो, हप्ते ३-४ ला कापले जातात, उरलेल्या महिन्यात सगळ्यात शांत देणेकरी कोण, तर मावशी. त्याच्या बँकेतून २ तारखेची स्थायी सूचना लावून घ्या, पैसे आपोआप वळतील. आणि भाडं बँकेतूनच, एकाच खात्यात. अडीअडचणीला उशीर झाला तर आदल्या दिवशी त्याचा मेसेज यावा, एवढं म्हणायला काही कडक व्हावं लागत नाही.

भाडंवाढही सुचवणार होते, चार वर्षं १९ हजारच आहे म्हणून. पण गळक्या छताखाली उभं राहून भाडंवाढ मागायची नसते. आधी छत, मग हजार रुपये.

इथे माझी एक फजिती सांगते. घोडबंदर रोडला माझा एक छोटा फ्लॅट होता. भाडेकरू सालस, जाताना घर लख्ख पुसून दिलं, ओट्यावर माझ्यासाठी नारळाच्या वड्यांचा डबा ठेवला. मी भारावले, तिथल्या तिथे डिपॉझिटचा चेक दिला. आठवड्याने महावितरणचं बिल बघते तर तीन महिन्यांची थकबाकी, ७,८०० रुपये. मीटर माझ्या नावावर, तेव्हा थकबाकीही माझीच. त्याला फोन केला, तो दर वेळी 'हो मॅडम, करतो' म्हणाला, अजून करतोच आहे. वड्या मात्र खरंच छान होत्या. तेव्हापासून मी दर महिन्याला फोनवर ग्राहक क्रमांक टाकून बिल भरलंय की नाही ते बघते. तुम्हीही बघा, दोन मिनिटांचं काम आहे. पाइपगॅसचंही. आणि किल्ली घेताना मीटरचा फोटो आधी, चेक नंतर.

प्राप्तिकर. गेली दोन वर्षं हे भाडं तुमच्या तिघांपैकी कुणाच्या रिटर्नमध्ये दाखवलंय? नसेल तर यंदा सीएकडे जाच. भाडेकरू घरभाडे भत्त्याची सूट घेत असेल आणि वर्षाचं भाडं लाखाच्या वर असेल, तर कंपनी त्याच्याकडून मालकाचा पॅन मागते. मिस्टरांचाच पॅन अजून जात असेल तर तो एक नवाच गुंता. भरलेला मालमत्ता कर वजा करून उरलेल्या भाड्यावर सरसकट ३० टक्के वजावट मिळते. ती दुरुस्ती-देखभालीसाठीच, त्यामुळे सोसायटीचा मेंटेनन्स वेगळा वजा होत नाही. महिन्याला १९ हजारांच्या हिशोबात कराचा बोजा मोठा नसणार, न दाखवण्याचा ताप मोठा.

विकायचं का? भाडं वर्षाला २,२८,०००. मेंटेनन्सचे ४०,८०० गेले, मालमत्ता कर गेला, दोन-तीन वर्षांनी रंग, एखादं वॉटरप्रूफिंग, आणि भाडेकरू बदलला की एक रिकामा महिना व एक भाडं दलालीत. हातात दीड-पावणेदोन लाख राहिले तर खूप. ६५ लाखांवर हे अडीच टक्के. नुसतं उत्पन्न बघितलं तर मुलाचं बरोबर आहे, बँकेत ठेवून जास्त मिळेल. फ्लॅटची किंमत वाढते हे मुलीचं उत्तर असेल, तेही खोटं नाही. पण आज या दोघांचं भांडणच निरर्थक आहे, कारण मयत माणसाच्या नावावरचा फ्लॅट तुम्ही विकणार कसा? वारसनोंद, मग जमीन सिडकोच्या भाडेपट्ट्याची असेल तर हस्तांतराला सिडकोची परवानगी, हे झाल्याशिवाय खरेदीदाराची बँक कर्ज देणार नाही. विकलात तर दीर्घकालीन नफ्यावर साडेबारा टक्के कर, किंवा महागाई निर्देशांक लावून वीस टक्के. जुलै २०२४ च्या आधीच्या घरांना कमी पडेल तो निवडता येतो. खरेदी मिस्टरांच्या २००९ च्या किमतीचीच धरतील, तेव्हा तो करारनामा शोधून ठेवा.

माझं मत विचाराल तर वर्षभर विकू नका. कागद नावावर आणा, छत कोरडं करा, मग सांगा ठेवायचाय की विकायचाय. मनात राग धरून भाडेकरूला काढलं तर नवा शोधेपर्यंतचा महिना, दलाली, रंग मिळून चाळीस-पन्नास हजार जातील, आणि नवा येईल तो मावशीही म्हणणार नाही.

भाडेकरूला काय लिहायचं तेही देते, कारण तुम्ही मेसेज टाइप करून पाच वेळा पुसाल हे मला दिसतंय. त्याला अरे-तुरे करत असाल तर तसंच लिहा, एकदम अहो-जाहो केलंत तर तो घाबरेल.

"प्लंबरचे ४,२०० बरोबर होते, मीच वेळेवर बघायला हवं होतं. उद्या इलेक्ट्रिशियन पाठवते, तोवर बाथरूमचं ते बटण कुणी लावू नका. रविवारी ११ ला मी स्वतः येते, वरच्यांशीही बोलणार आहे. पुढच्या १ तारखेपासून नवीन करार करायचाय, पूर्वीसारखाच, आधार-पॅन काढून ठेव. आणि भाडं आता दर महिन्याला ५ च्या आत हवं, मला त्यावर औषधांचा आणि बिलांचा हिशोब ठेवावा लागतो."

खाली 'मावशी' असंच लिहा. करारात पूर्ण नाव.